फ्रिजच्या कमरेचा पट्टा

गल्लीत तिला सगळे दाभणकाकू म्हणत. गाद्या शिवायची ती जाडजूड, बोटापेक्षा लांब सुई ती कायम अंबाड्यात खोचून ठेवी. कामाला हात घातला की उपसायची, काम संपलं की परत म्यान. सोफे, न्हाव्याच्या खुर्च्या, बसच्या सीटा, दवाखान्यातली तपासायची टेबलं, एकदा तर सर्कशीतल्या घोड्याचं खोगीर, असं बरंच काही तिच्या हाताखालून गेलं होतं. बसायची वस्तू कुठलीही असो, तिचा नियम एकच: आत पोकळी ठेवायची नाही. पोकळी राहिली की आधी माणूस खचतो, मग खुर्ची.

नवराही तिला अशा एका पोकळीनेच मिळवून दिला होता. तो बस चालवायचा. एक दिवस तणतणत दुकानात आला. "डेपोच्या सीटा तुम्हीच शिवता ना? माझ्या सीटमध्ये विहीर पडलीय. कंबर गेली माझी." ती म्हणाली, "बसा." त्याला फळीवर बसवून तिने खडूने त्याच्याभोवती रेघ ओढली आणि त्या मापाची सीट करून दिली. "कंबर वाचली, पण बाकीचा मी गेलो," असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

आता त्याच्या छातीचे भाते गेले होते. धूर, धूळ आणि तरुणपणीच्या विड्या, सगळ्यांनी मिळून आपापला हिस्सा उचलला होता. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असे आणि त्याची बारीक नळी त्याच्या नाकात. त्या यंत्राचं नाव त्याने कंडक्टर ठेवलं होतं. "हा आहे म्हणून गाडी चाललीय," तो म्हणे. वीज कमी पडली की यंत्र लांब शिट्टी मारायचं. त्यावर त्याचं म्हणणं, "बेल मारतोय. उतरा म्हणतोय."

ती हसायची नाही.

घर म्हणजे पुढे दुकान, मागे पलंगाची खोली, आणि दोघांच्या मध्ये एक बोळासारखी वाट. स्वयंपाकघरात मावला नाही म्हणून फ्रिज त्या वाटेत उभा होता. त्यात दूध असे, भाजी असे, आणि वरच्या कप्प्यात तिचं इन्सुलिन. तिच्या साखरेचं दुखणं जुनं होतं. मागच्या उन्हाळ्यात फ्रिज बिघडला तेव्हा शेजारणीच्या सल्ल्याने तिने औषध माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलं. फडकं वाळलं, औषध नासलं, आणि ती टाचत असलेल्या सोफ्यावरच बेशुद्ध पडली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते असं, "कापडावर डाग तर नाही ना पडला?"

यंदाच्या उन्हाळ्यात वीज रोज दुपारी जायची आणि तिच्या मनात येईल तेव्हा यायची. घरात बॅटरी होती. तिच्यावर कंडक्टर चालायचा आणि फ्रिजही. एका बशीतलं दोघांनी जेवावं तसं दोघं तिला संपवत. एरवी कसंबसं पुरायचं.

एका रविवारी पुरलं नाही. मुलगा आला होता. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका उंच इमारतीत राहायचा. चहा अर्धा झाला होता आणि यंत्राने बेल मारली. तिने कप तसाच टाकला, कोपऱ्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर ओढला, चावी फिरवायला गेली. चावी घट्ट बसली होती. मुलगा बापाच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा. बापाचे ओठ शाई लागल्यासारखे होत चालले होते. शेवटी तिने अंबाड्यातली सुई उपसली, चावीच्या भोकात आडवी घालून सगळा भार टाकला, आणि सिलिंडर फुसफुसला. सुई वाकली. ती तिने तशीच परत केसांत खोचली.

बापाच्या ओठांचा रंग परत आला तसा मुलगा म्हणाला, "आई, पुढच्या खेपेला मी टेम्पो घेऊन येणार."

"कशाला?"

"तुम्हाला न्यायला. आमच्याकडे जनरेटर आहे. लाइट गेली तरी लिफ्टसुद्धा थांबत नाही."

"आणि माझं मशीन? कापायचं टेबल?"

"सातव्या मजल्यावर टेबल कुठे ठेवू? आई, आता पुरे ना. जरा आरामात बस."

"अरे, जन्मभर सोफे केले मी. म्हातारपणी सोफा व्हायचं नाही मला."

पलंगावरून खोकत आवाज आला, "मला चालेल हो. मला फक्त उशी वर करून द्या."

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली.

पण मुलगा हसला नाही. "आज मी होतो. उद्या तू एकटी असलीस आणि चावी नाही फिरली तर?"

तो खरं बोलत होता. मोठ्या बॅटरीसाठी तिचं दोन दुकानदारांना विचारून झालं होतं. सगळ्या शहराला बॅटऱ्या हव्या होत्या, आणि दोघांचंही म्हणणं एकच, उन्हाळा संपू दे काकू, मग बघू. लाइट गेली की फ्रिज बंद ठेवून पाहावं, तर आतली थंडी संध्याकाळपर्यंतही टिकत नव्हती. दूध फाटायचं. दूध फाटतं तिथे औषधाचा काय भरवसा?

ती वाटेत गेली आणि फ्रिजसमोर उभी राहिली. एखाद्या मोडक्या खुर्चीकडे बघावं तशी बघत राहिली.

"याचं खाणं कमी करते," ती म्हणाली. "मग बॅटरी सगळी त्यांना."

"फ्रिज म्हणजे काय सोफा आहे, आई?"

"सोफाच आहे. वर थंडी बसते, एवढंच."

मुलाने कपाळावर हात मारला. पण आईला तो ओळखून होता. "ठीक आहे. एक खेप. टेम्पो मी आणणारच. लाइट जाईल तेव्हा मी इथे समोर बसून बघेन. बाबांना बॅटरी पुरली आणि तुझं औषध शाबूत राहिलं, तर टेम्पो रिकामा नेईन. नाहीतर तुम्ही दोघं त्यात बसायचं. कबूल?"

"कबूल."

"मला कुणी विचारा," पलंग म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी तिने पदर खोचला. थंडी बाहेर जाते ना? मग बाहेर जायला वाटच ठेवायची नाही. फ्रिजची मापं घेतली, जाड फोम कापला, वर विटकरी रेक्झिन. दोन्ही बाजू, पाठ, डोकं, दार, सगळं झाकलं. कोपऱ्यांना दोरीचा गोट घातला, दारावर बटणं बसवून चौकटी पाडल्या. कुठे बोट जाईल एवढीही फट ठेवली नाही. काम असं झालं की गल्ली बघायला आली. न्हावी म्हणाला, "काकू, याच्यावर गिऱ्हाईक बसवू का?" नवरा पलंगावरून मान वाकडी करून म्हणाला, "माझ्या लग्नात मी एवढा सजलो नव्हतो."

तीही खूश होती. हात लावला तर आतली थंडी जराही जाणवत नव्हती.

संध्याकाळ झाली तरी फ्रिज घुरघुरायचा थांबला नाही. एरवी मोटर चालायची, धाप टाकायची, गप्प व्हायची. आज गप्प होईना. दुसऱ्या दिवशी लाइट गेली आणि बॅटरीवरचा हिरवा दिवा नेहमीपेक्षा लवकर पिवळा झाला. ती घाबरली, फ्रिजचं बटण बंद केलं, आणि रेक्झिनच्या खाली हात सरकवला. तापाने फणफणलेल्या पोराच्या पोटाला हात लावल्यासारखं झालं.

फ्रिजवाला मिस्तरी आला तो दारातच थबकला. पोट धरून हसला, आणि तिचा चेहरा पाहून हसू गिळलं.

"काकू, तुम्ही त्याला रजई पांघरून धावायला लावलंय."

"थंडी धरून ठेवायला नको?"

"थंडी कुठली? हा थंडी बनवतच नाही. आतली ऊब उचलतो आणि बाहेर आणून टाकतो. हमाल आहे हमाल. या दोन बाजूंच्या पत्र्यांच्या आत नळ्या आहेत, तिथून ती ऊब हवेत जाते. तुम्ही तिच्याच तोंडावर गादी शिवलीत. बिचारा बाहेर टाकतोय आणि ती परत आत येतेय."

मिस्तरी गेल्यावर तिने शिवण उसवायची कात्री घेतली. बटणं, गोट, चौकटी, सगळं एकेक टाका करत उतरवलं. इतकी वर्षं ती या फ्रिजजवळून जात-येत होती, दार उघडलं की थंडी अंगावर येते म्हणून ती आत तयार होत असणार असं धरून चालली होती. आत काहीच तयार होत नव्हतं. फक्त कुणीतरी सतत काहीतरी उचलून बाहेर नेत होतं, आणि नेऊन टाकायला जागा हवी होती.

नवऱ्याने थोडा वेळ थट्टा केली. मग तिच्या हातांकडे बघून थांबला.

"अगं, आपण जाऊ या का त्याच्याकडे?" तो म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. "माझ्यामुळे अडकून पडलीस."

"तुमच्यामुळे कोण अडकलंय? फ्रिजमुळे अडकलेय."

"खरं सांग."

"खरं सांगते. तिथे गेले तर सकाळी उठून मी हात कुठे घालू? तुमची उशी किती वेळा वर करू?"

तो हसला, हसता हसता खोकला, आणि कंडक्टरने त्याला सांभाळून घेतलं.

मग तिने काम पुन्हा सुरू केलं, या खेपेला सुईपेक्षा तळवा आधी. कापडाखाली स्प्रिंग कुठे ढिली आहे ते ती तळव्यानेच ओळखायची. तसा तिने फ्रिजवरून तळवा फिरवला. जिथे ऊब लागली तिथे काही लावायचं नाही. बाजू उघड्या. पाठ उघडी. दार थंड लागत होतं आणि डोकंही. तेवढ्याच दोन ठिकाणी तिने फोम लावला, तोही साधा, बटणांशिवाय.

भिंतीपासून फ्रिज पुढे ओढला तेव्हा मागे खाली, मोटर असते त्या खोबणीत, राखाडी गादीच दिसली. कापसाचे तंतू, फोमचा भुगा, धाग्यांचे तुकडे. तिच्याच दुकानातलं सगळं. वर्षानुवर्षं ती पुढे भरत होती आणि तेच उडून मागे याच्या नाकातोंडात जात होतं. कुंपणच शेत खात होतं. ती जमिनीवर आडवी झाली आणि ब्रशने, मग बोटांनी, तंतू तंतू ओढून काढला.

"काय करतेस खाली?" नवऱ्याने विचारलं.

"याला पण श्वास लागला होता," ती म्हणाली, आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

मिस्तरीने एक युक्ती सांगून ठेवली होती. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. अडली तर ठीक, सुटली तर तिथून हवा जाते. खालच्या कोपऱ्यात पट्टी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. रबर कडक होऊन आखडलं होतं. हे मात्र तिच्या हातातलं काम होतं. गरम पाण्याच्या फडक्याने शेकून शेकून रबर मऊ केलं, त्याच्या मागे गोटाची बारीक दोरी घालून फुगवलं. पट्टी अडली. ती ओढत राहिली, शेवटी कागद फाटला तेव्हा समाधान झालं.

आत प्रत्येक कप्प्यासमोर तिने सोफ्यावर घालायच्या जाड प्लास्टिकचे पडदे सोडले. दार उघडलं की थंड हवा पाण्यासारखी खाली सांडते, हे मिस्तरीचं वाक्य तिने ध्यानात ठेवलं होतं. उरलेल्या जागेत पाण्याच्या बाटल्या उभ्या केल्या, काही वर बर्फाच्या खणात गोठवायला ठेवल्या. लाइट असेल तेव्हा त्या गार होत राहायच्या. लाइट गेली की गोठलेल्या खाली आणायच्या आणि फ्रिज पार बंद, बॅटरीच्या तारेवरून उतरवलेला. आत पोकळी ठेवायची नाही, हा जुना नियम इथे तरी कामाला आला.

तरी पहिल्या चाचणीत घात झालाच. औषधाची एक कुपी बर्फाच्या बाटलीला टेकली आणि तिच्यात काचेसारखी पापडी धरली. गोठलेलं औषध टाकूनच द्यायचं असतं. तिने ते टाकलं, स्वतःला एक शिवी हासडली, आणि औषधासाठी फोमची छोटी डबी शिवली. त्यात मिस्तरीकडून आणलेला थर्मामीटर खोचला.

शेवटी राहिली माणसं. उन्हाळ्यात माणूस नकळत फ्रिजचं दार उघडतो, नुसतं आत बघायला. यावर तिने जुन्या सुटकेसचा पट्टा काढला आणि बकल लावून फ्रिजच्या कमरेला आवळला. लाइट गेली की पट्टा बंद.

"बरं केलंस," नवरा म्हणाला. "आता चावणार नाही."

मुलगा टेम्पो घेऊन आला त्या दिवशी उन्हाने गल्लीतले पत्रे तडतडत होते. टेम्पोवाला सावलीत गाडी लावून झोपला. मुलाने तोंड धुतलं, फ्रिजकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून बॅटरीच्या समोर बसला. सिलिंडर त्याने आधीच पलंगाजवळ आणून चावी सैल करून ठेवली होती. ते पाहून तिला बरं वाटलं.

दुपारी लाइट गेली. तिने गोठलेल्या बाटल्या खाली आणल्या, पट्टा आवळला, दुकानात जाऊन बसली. शिवायला घेतलं. सिनेमागृहाच्या खुर्च्यांचं काम होतं. शिवून झालेल्या खुर्च्या भिंतीशी रांगेत उभ्या होत्या आणि शेवटची मशीनवर होती. पायाचं मशीन; त्याला विजेशी देणंघेणं नव्हतं.

उन्हं कलली तरी लाइट नाही. आतून यंत्राची घरघर येत होती, एकसारखी. ती मशीन थांबवून ऐकायची आणि परत पाय मारायची.

"अगं," आतून हाक आली. "गार पाणी मिळेल का?"

"लाइट आल्यावर."

"स्वतःच्या घरात पाण्याला महाग झालो."

"माठातलं प्या."

मुलगा उठला, सवयीने फ्रिजपाशी गेला, हात बकलावर ठेवला. ती दुकानातून ओरडली, "हात मागे!" तिला दिसलंही नव्हतं, बकलाचा आवाज पुरला. मुलगा चपापला आणि बापाला माठातलं पाणी दिलं. बाप म्हणाला, "तुझ्या आईच्या गाडीत विनातिकीट कुणी चढत नाही."

संध्याकाळ झाली. इतक्या उशिरापर्यंत त्या उन्हाळ्यात लाइट कधी गेली नव्हती. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, कुणी लक्ष दिलं नाही म्हणून परत झोपला. हिरवा दिवा पिवळा झाला. मुलगा खुर्चीत पुढे सरकला. तिने मशीन थांबवलं, येऊन दारात उभी राहिली. तिघंही त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत होती. ती मनातल्या मनात हमालाचा विचार करत होती, जो आज काम न करता निजला होता, आणि त्याने आधी वाहून नेलेल्या उबेची जागा आत अजून रिकामी असेल का, याचा.

"लाल झाला तर मी सिलिंडर लावणार," मुलगा हळू म्हणाला, "आणि मग आपण निघायचं."

"ठरलंय तसंच," ती म्हणाली.

नवऱ्याने डोळे मिटले होते. नळीतून हवा जात होती, छाती वर येत होती, खाली जात होती. तिने सुई उपसली. वाकलेलीच होती अजून. ती बोटांनी सरळ करत बसली. लोखंड काही बोटांनी सरळ होत नाही.

दिवा पिवळाच होता तेव्हा डोक्यावरचा पंखा हलला. आधी आळसावून, मग नीट. गल्लीत पोरांनी आरोळी ठोकली.

पण अजून अर्धंच झालं होतं. ती फ्रिजपाशी गेली. पट्टा सोडला. पडदा सारून फोमची डबी काढली आणि थर्मामीटर मुलाच्या हातात दिला. स्वतः बघितला नाही. मिस्तरीने काचेवर जिथपर्यंत चालेल तिथे लाल रेघ करून दिली होती.

मुलगा पंख्याखाली, उजेडात गेला. वाकून बघितलं. मग डोळ्यांजवळ आणून परत बघितलं.

"रेघेच्या खाली आहे," तो म्हणाला. "बऱ्यापैकी खाली."

तिचा जीव भांड्यात पडला. पण चेहऱ्यावर तिने काही येऊ दिलं नाही. बाटल्या जागच्या जागी लावल्या, फ्रिज सुरू केला. मोटर चालली, आणि चहा होईपर्यंत गप्पही झाली.

"दाखवा मला पण," नवरा म्हणाला. थर्मामीटर उलटा धरून त्याने बराच वेळ न्याहाळला. "ताप नाही. फ्रिज ठणठणीत आहे."

मुलगा चहा पिताना म्हणाला, "आई, हा उन्हाळा झाला. पुढच्या उन्हाळ्यात मी परत टेम्पो आणणार."

"आण. मोठा आण."

"मोठा कशाला?"

"कळेल." तिने कप खाली ठेवला. "ऊठ आता. टेम्पोवाल्याला उठव. रिकामी गाडी पाठवायची नसते. या खुर्च्या सिनेमावाल्याकडे पोचवायच्यात, तुझ्या वाटेवरच आहे."

"म्हणजे मी तुम्हाला न्यायला आलो आणि..."

"आणि माल न्यायला लागलास. बापाचा मुलगा शोभतोस. धर तिकडून."

तो हसायला लागला, पहिल्यांदाच त्या दिवशी, आणि बाह्या सरसावून खुर्चीला भिडला. आतून आवाज आला, "डबल बेल!" टेम्पोवाला डोळे चोळत मागचा फाळका उघडत होता. ती अंगणातून सूचना देत उभी होती.

"कडेला नको धरू रे. खालून धर. शिवण ताजी आहे."